मग त्या खातात कशाला?

ऊन उतरल्यावर मी मागच्या अंगणात मुंग्यांचं औषध टाकत होते. त्यासाठी हातात धरायचं एक छोटं यंत्र मिळतं. त्यात दाणे भरायचे आणि दांडा फिरवत चालायचं, की दाणे गवतावर भुरभुरत जातात. आई पायरीवर बसून बघत होती. ती नुकतीच वाईहून ह्यूस्टनला आली होती, झोपेचं वेळापत्रक अजून बसलं नव्हतं आणि दुपारी झोपल्यामुळे डोळे जड होते. औषधाची पिशवी तिच्या शेजारीच होती. तिने आत डोकावून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाली, "अगं, हा तर मक्याचा रवा. तेलात परतलाय का?" परतलेला नाही, सोयाबीनच्या तेलात भिजवलेला आहे आणि त्या तेलात औषध आहे, असं सांगून मी पिशवी उचलून वर ठेवली. "म्हणजे तूसुद्धा मुंग्यांना रवाच घालतेस," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. वाईच्या घरी परसात औदुंबराच्या बुंध्याशी ती रोज अंघोळ झाली की चिमूटभर रवा-साखर ठेवते. आजी ठेवायची, तिच्यामागे आई ठेवायला लागली. मी यंत्र धुऊन परत आले तरी ती तिथेच बसली होती. "औषध आहे हे त्यांना कळत नाही होय? मग त्या खातात कशाला?"

नाही कळत, एवढंच मी म्हटलं. आई आत जाऊन वरणाला फोडणी द्यायला लागली, पण माझ्या डोक्यातून तो प्रश्न काही जाईना. कारण औषध का लागू पडतं ते मला ठाऊक होतं, आणि ते आईला सांगायचं कसं हे कळत नव्हतं.

इथे हे औषध न टाकून भागत नाही. ह्यूस्टनच्या आसपासची माती काळी, चिकट; उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाने ती फुगते. दोन दिवस पाऊस झाला की तिसऱ्या दिवशी गवतात मातीचे ढीग वर आलेले दिसतात. हे ढीग म्हणजे फायर अँट नावाच्या डंख मारणाऱ्या मुंगीची वारुळं. असं वारूळ लांबून निरुपद्रवी दिसतं. भुसभुशीत, बारीक रवाळ माती, वर एकही भोक नाही, ये-जा नाही. काठीने जरा कोपरा उकरला की मात्र आतून तांबूस-तपकिरी मुंग्या उसळून बाहेर येतात आणि क्षणात काठीवरून हातापर्यंत चढतात. त्याच वेळी दुसऱ्या काही जणी तोंडात पांढरी पिल्लं धरून खाली, खोल आत पळत असतात. पहिल्यांदा बघताना सगळं लक्ष चढणाऱ्या मुंग्यांकडे असतं. खाली पळणाऱ्या दिसायला डोळे सरावावे लागतात. आमचा मुलगा झोपाळ्याकडे अनवाणी धावत जाताना अशाच एका ढिगावर उभा राहिला होता. ही मुंगी नुसती चावत नाही. जबड्याने कातडी घट्ट धरते, पोट वाकवून नांगी खुपसते, आणि जबडा न सोडता अंग फिरवत गोलाकार पुन्हा पुन्हा डंख मारते. निखारा टेकल्यासारखी आग होते, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक डंखावर पांढऱ्या टोकाची पुळी उठते. त्याच्या दोन्ही घोट्यांवर त्या पुळ्यांची कडी उमटली होती. रात्री झोपेत तो पायावर पाय घासायचा, आणि पुळ्या फुटू नयेत म्हणून मी उशाशी बसून त्याचे पाय धरून ठेवायचे. काहींना या विषाची इतकी तीव्र ॲलर्जी असते की जिवावर बेततं. मुंगीबद्दल मला जे काही वाटतं, ते त्या रात्रीला वगळून वाटत नाही.

आणि तरीही मुंगी मारताना माझा हात अडखळतो. लहानपणी आमच्या स्वयंपाकघरात फडताळाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असायचे. गुळाच्या डब्याभोवती हळदीची रेघ असायची. कणकेत मुंग्या निघाल्या तर आई परात उन्हात ठेवायची, म्हणजे त्या आपणहून निघून जायच्या. मुंगीला अडवायचं, वाट वळवायची, पण मारायचं नाही, अशी ती रीत होती. ती पाळणं परवडायचं, कारण त्या मुंग्या बहुतेक वेळा नुसत्या गुळापुरत्या यायच्या. फायर अँटची एक जात भारतातही आहे, सोलेनॉप्सिस जेमिनाटा. मूळची मेक्सिकोकडची. सोळाव्या शतकात आकापुल्को ते मनिला ये-जा करणाऱ्या स्पॅनिश जहाजांतून ती आशियात उतरली, असं तिच्या जनुकांच्या अभ्यासातून दिसलं आहे. म्हणजे औदुंबराखालच्या रव्याला लागणाऱ्या मुंग्यांतही समुद्र ओलांडून आलेल्या असू शकतील. चिमूट ठेवताना कोणी त्यांचं मूळ गाव विचारलं नाही.

माझ्या अंगणातली जात वेगळी आहे, सोलेनॉप्सिस इन्विक्टा. तिचं घर दक्षिण अमेरिकेत, पाराग्वाय आणि पाराना नद्यांच्या पूरमैदानात. १९३०च्या दशकाच्या आसपास ती अलाबामातल्या मोबील बंदरात जहाजातून उतरली. पुढे जगभर नाव झालेले मुंगीशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन तेव्हा त्याच गावात राहत होते. १९४२ साली, तेरा वर्षांचे असताना, घराशेजारच्या मोकळ्या जागेत त्यांना या मुंगीचं वारूळ सापडलं. पुढची पंधरा-वीस वर्षं ती रोपवाटिकांतल्या मातीतून, गवताच्या लाद्यांतून दक्षिणेकडच्या राज्यांत पसरत गेली. मग सरकारने विमानं आणली. १९५७पासून हेप्टाक्लोर आणि डिल्ड्रिन ही कीटकनाशकं लाखो एकरांवर टाकली गेली. पक्षी मेले, रानातले प्राणी मेले, त्या जमिनीवरच्या स्थानिक मुंग्याही मेल्या. मोकळ्या झालेल्या जमिनीवर सगळ्यात आधी परत कोण आलं असेल, ते सांगायला नको. त्यानंतर मायरेक्स आलं, सोयाबीनच्या तेलात कालवून मक्याच्या कणसाच्या भुशावर चढवलेलं. ते माणसांच्या शरीरातल्या चरबीतही सापडायला लागलं आणि १९७८मध्ये बंद झालं. आज मी जे टाकते त्यातलं रसायन वेगळं आहे, सौम्य आहे. मका आणि तेल मात्र तेच.

आईचा प्रश्न या मका आणि तेलाबद्दलच होता.

पण उत्तराआधी राणीबद्दल सांगायला हवं, कारण औषध शेवटी तिच्यासाठी असतं. वसंतात पावसाच्या दुसऱ्या दिवशी दमट, उबदार, वारा पडलेली दुपार असली की वारुळावर वेगळीच गडबड दिसते. वारुळाला एरवी नसलेली भोकं पाडली जातात. त्यांतून पंखवाल्या माद्या आणि काळसर नर बाहेर येऊन गवताच्या पात्यांवर चढतात. कामकरी मुंग्या त्यांच्याभोवती सैरभैर धावतात, त्यांना वर ढोसतात. मग एकेक उडतात, शंभर मीटरपेक्षाही वर. मीलन तिथेच, हवेत होतं. नर त्यानंतर जगत नाहीत. मादी एकाच नराशी जुगते आणि त्या एका भेटीतले सुमारे सत्तर लाख शुक्राणू पोटात साठवून ठेवते. पुढच्या सहा-सात वर्षांत तिच्या पोटी येणाऱ्या सगळ्या मुली त्या साठ्यातल्या. अशा दुपारनंतर आमच्या ड्राइव्हवेवर राण्या उतरलेल्या मी पाहिल्या आहेत. सिमेंट तापलेलं असतं आणि त्या भेगा शोधत भराभर चालत असतात. एक तर माझ्या चपलेजवळ थांबली, मागचा पाय उचलून पंखावर रेटला, पंख मुळापासून सुटला. मग दुसरा. पंख वाऱ्याने सिमेंटवर सरकत राहिले आणि ती गवतात शिरली. या सगळ्याला काही सेकंद लागले असतील.

पुढचं मी वाचून जाणते, कारण ते जमिनीखाली घडतं. ती बोटभर खोल बीळ खणते आणि आतून तोंड बंद करून घेते. आत अन्न नाही, पाणी नाही, मदतीला कोणी नाही. ती थोडी अंडी घालते. त्यांतली काही उबण्यासाठी नसतातच; ती अळ्यांना खाऊ घालायची असतात. बाकीचं दूध, म्हणजे ज्याला दुसरं काही म्हणता येत नाही ते, ती आपल्या शरीरातून काढते. उडण्यासाठी छातीत जे जाड स्नायू होते ते आता विरघळायला लागतात. तिला पुन्हा कधी उडायचं नसतं, म्हणून जे उडण्यासाठी होतं ते पिल्लांच्या तोंडात जातं. साधारण महिन्याभरात पहिल्या मुली बाहेर येतात. पोटभर न मिळालेल्या, नेहमीच्या कामकरी मुंग्यांपेक्षा कितीतरी बारीक. तोवर आईचं वजन निम्म्याच्या आसपास उतरलेलं असतं. त्या बारीक मुली बिळाचं तोंड उघडतात आणि खाणं शोधायला निघतात. हे वाचलं तेव्हा मुलगा सहा-आठ महिन्यांचा होता. मी रात्री त्याला पाजत फोनवर वाचत होते, आणि पुढचं पान उघडायला मला बराच वेळ लागला.

एवढंच असतं तर या मुंगीवर माया करणं सोपं गेलं असतं. पण कधीकधी चार-पाच राण्या मिळून एकच बीळ खणतात, एकत्र अंडी घालतात, एकमेकींची पिल्लं वाढवतात. मुली मोठ्या झाल्या की त्या एक सोडून बाकी राण्यांना मारून टाकतात. मारणाऱ्यांत त्या राणीच्या स्वतःच्या मुलीही असतात. शेजारच्या नव्या बिळांवर धाडी घालून अंडी-अळ्या पळवणंही चालतं. ज्यांची पिल्लं गेली त्या कामकरी पिल्लांमागोमाग जिंकलेल्या घरात राहायला जातात आणि रिकाम्या बिळात उरलेली राणी कधी कधी त्याच वाटेने त्या दाराशी येते. टेक्सासात तर एका वारुळात अनेक राण्या नांदणारी वस्तीही भरपूर आहे. तिथे राणीच्या अंगाला ठरावीक जनुकाचा वास नसला तर कामकरीच तिला ठार करतात. यात कुणाला क्रूर ठरवावं असं मला वाटत नाही, पण हे डोळ्यांआड करून त्यांच्या एकीचं कौतुकही मला करता येत नाही.

आता वारूळ. दोन-तीन वर्षांत वस्ती दोन लाखांच्या वर जाते. वर दिसणारा ढीग हा घराचा छोटा भाग. खालचे बोगदे मीटर-दीड मीटर खोल जातात. ढीग उन्हासाठी असतो. थंडीत सकाळी त्याची ऊन लागणारी बाजू तापते, तेव्हा पिल्लांना उचलून तिकडे आणलं जातं, आणि ऊन चढलं की परत खाली. दिवसभर हीच उचलाउचल. तरुण मुंगी पिल्लांपाशी राहते, वय वाढलं की मधल्या कामांना लागते आणि आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यांत अन्न आणायला बाहेर पडते. बाहेर जीव जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त, म्हणून तिथे म्हाताऱ्या. त्या वारुळाच्या दारातून निघत नाहीत. गवताखालून चारी बाजूंना आडवे बोगदे गेलेले असतात आणि त्या दूर कुठेतरी वर येतात. म्हणून औषध ढिगावर नाही, आजूबाजूला टाकायचं. त्या खाण्याच्या शोधात आहेत का ते आधी बघण्यासाठी मी बटाट्याच्या वेफरचा तुकडा ठेवते. दहा-पंधरा मिनिटांत त्याच्या कडा हलायला लागल्या की टाकायची वेळ झाली.

मुलाच्या भिंगातून मी एकदा औषधाचा दाणा उचलणारी मुंगी पाहिली. तिने मिशांनी तो दोन-तीनदा चाचपला, उचलला, ठेवला, बाजू बदलून पुन्हा उचलला. दुसरी आली, तिनेही चाचपला, आणि मग त्याच दाण्यावर तोंड टेकून स्थिर झाली. तेल शोषत होती. तिचं पोट चढत गेलं, कातडीच्या पट्ट्यांमधली फिकट रेघ रुंद झाली. मग ती वळली आणि बोगद्याकडे निघाली.

मोठ्या मुंगीला घट्ट पदार्थ गिळताच येत नाही. फक्त पातळ. आणि शोषलेलं पातळ सगळं तिचं नसतं. ते पोटातल्या एका वेगळ्या पिशवीत साठतं, आणि घरी गेल्यावर भेटेल तिच्या तोंडात तोंड देऊन ती ते वाटते. ती पुढचीला, पुढची दाईला, म्हणजे पिल्लांपाशी राहणाऱ्या तरुण मुंगीला, दाई अळ्यांना. मेलेल्या किड्याचा तुकडा वगैरे घट्ट काही आणलं तर ते सगळ्यात मोठ्या अळ्यांना द्यायचं. अळीच्या तोंडाखाली, पोटावर, एक खोलगट जागा असते. दाई तुकडा तिथे ठेवते, अळी त्यावर आपला पाचक रस सोडते, तुकडा विरघळतो. घरातलं घट्ट अन्न पचवणारं पोट हे पिल्लांचंच. राणी किती अंडी घालणार हेही या मोठ्या अळ्या किती आहेत त्यावर ठरतं, असं मुंगीशास्त्रज्ञ वॉल्टर शिंकेल यांच्या प्रयोगांनी दाखवलं. अळ्या कमी झाल्या की अंडी कमी. आपण जिला राणी म्हणतो ती हुकूम सोडत नाही. ती पिल्लांच्या पोटातून येणाऱ्यावर जगते.

आणि म्हणून औषध सावकाश काम करणारं असावं लागतं. झटपट मारणारं टाकलं तर बाहेर आलेल्या म्हाताऱ्या मरतील, आणि घर आत शाबूत राहील. ते कित्येक तोंडांतून फिरलं पाहिजे, दाईपर्यंत, पिल्लापर्यंत, राणीपर्यंत पोचलं पाहिजे, आणि वाटताना कुणाला काही जाणवता कामा नये. त्या एकमेकींना भरवतात, यावर या औषधाचा सगळा भरवसा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी आईला हे सांगितलं. त्या स्वतःसाठी खात नाहीत आई, घरी न्यायला घेतात, असं काहीसं. तिने कप खाली ठेवला. "मग तर फारच वाईट," ती म्हणाली. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "पण पोराचे पाय मी व्हिडिओ कॉलवर पाहिलेत." त्यापुढे ना ती बोलली, ना मी. तिला माझ्याकडून निकाल नको होता, हे बरं झालं. माझ्याकडे तो नव्हताच.

हार्वी वादळात, ऑगस्ट २०१७मध्ये, आमचा रस्ता पाण्याखाली गेला होता. वरच्या मजल्याच्या खिडकीतून मी पाण्यावर एक तपकिरी थर तरंगत येताना पाहिला. थाळीएवढा, कडा हलत्या. शेजाऱ्याने ओरडून सांगितलं, हात लावू नका, मुंग्या आहेत. जबडे आणि पंजे एकमेकींत अडकवून त्यांनी स्वतःचा तराफा केला होता. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०११मध्ये याचा अभ्यास केला. एकट्या मुंगीचं अंग पाणी थोडंफारच झटकतं, पण त्या विणून घट्ट झाल्या की मधे हवा अडकते आणि खालच्यासुद्धा बुडत नाहीत. राणी आणि पिल्लं मध्यभागी. असं त्या कित्येक दिवस राहू शकतात. जिथून त्या आल्या त्या नद्यांना दरवर्षी पूर येतो, त्यामुळे हे त्यांचं जुनं शहाणपण. तो थर आमच्या टपालपेटीच्या खांबाला टेकला तसा खांब खालून वर तपकिरी होत गेला. आम्ही घरात बंद होतो, वीज नव्हती, मदतीची बोट कधी येईल कळत नव्हतं, आणि मी बराच वेळ त्या खांबाकडे बघत होते. त्या वाचाव्यात असं मला तेव्हा मनापासून वाटलं होतं. पाणी ओसरल्यावर तीच वस्ती गल्लीभर झाली आणि दोन महिन्यांनी मी औषध आणलं. दोन्ही वेळी मी खरीच होते.

यंदा मात्र एक गोष्ट बदलली आहे. अंगणभर यंत्र फिरवणं मी थांबवलं. कुंपणालगत, जिथे गवत विरळ आहे, तिथे दुसऱ्या मुंग्यांची बिळं आहेत: मधोमध भोक असलेली, सुबक गोल, चिमूटभर मातीची. इथे त्यांना पिरॅमिड अँट म्हणतात. त्या इथल्याच, या मातीतल्या. एप्रिलमध्ये उड्डाणाच्या दुपारनंतर त्यांच्यातल्या सात-आठ जणी पंख गळालेल्या एका फायर अँट राणीला पायाने धरून भोकाकडे ओढत नेताना दिसल्या. राणी त्यांच्या दुप्पट-तिप्पट होती, पण सुटू शकली नाही. नव्या उतरलेल्या राण्यांपैकी बहुतेक अशाच जातात. काही चतुरांच्या आणि पक्ष्यांच्या तोंडी, कितीतरी या स्थानिक मुंग्यांच्या. सगळीकडे दाणे टाकले तर ते तेल याही शोषतात, आणि मग पुढच्या पावसानंतर रिकाम्या जमिनीवर उतरणाऱ्या राण्यांना अडवायला कोणी उरत नाही. विमानांनी पूर्वी जे केलं तेच मी हातातल्या यंत्राने करत होते.

आता झोपाळा आणि भाजीच्या वाफ्याजवळ जी वारुळं वर येतात, तेवढ्यांच्याच भोवती मोजके दाणे पडतात. कुंपणाची बाजू तशीच ठेवली आहे. नवऱ्याला हे पटलेलं नाही. मुलगा चेंडू आणायला तिकडेच जातो असं तो म्हणतो, आणि ते खरं आहे. त्यामुळे कुंपणाकडे बूट आणि मोजे घातल्याशिवाय जायचं नाही, एवढं ठरलं आहे, आणि बुटांचा एक जोड आता मागच्या दाराशीच असतो.